मालामागची गाडी

गाडी हिसका देऊन थांबली तेव्हा बायडाचा डावा हात आपोआप बाजूला गेला. उजव्या हाताशी भाकरीचं गठुडं होतं, ते घरंगळून खाली पडलं. त्याला धरायला कुठलाच हात पुढे झाला नाही. डावा मात्र पंजा उघडून हवेत आडवा राहिला, चार वर्षांच्या पोरीची छाती जिथे असते तेवढ्या उंचीवर. तिथे बाकाची नुसती फळी होती. बायडाने हात मांडीवर घेतला, खाली वाकून गठुडं उचललं, त्याची धूळ झाडली. समोर तानाबाई नावाची एक म्हातारी बसली होती. ती नृसिंहवाडीला निघाली होती आणि कोल्हापूर सुटायच्या आतच तिने आपल्या सुनांची नावं, गुडघ्याचं दुखणं आणि दत्ताला बोललेला नवस, सगळं सांगून टाकलं होतं. तिने तो हात बघितला. "डुलकी लागलीवती व्हय गं?" तिने विचारलं. "व्हय," बायडा म्हणाली. हो म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही, हे तिला गेल्या महिनाभरात चांगलं उमगलं होतं.

रुकडी आली होती. पंचगंगेच्या पुलाचा खडखडाट अजून कानात होता, आणि आता एकदम सगळं गप्प झाल्यामुळे माणसांचे आवाज मोठे वाटू लागले. कुणी खिडकीतून माना काढल्या, कुणी खाली उतरून विड्या पेटवल्या. लाल पागोट्याचा एक शेतकरी टेसनमास्तरकडे जाऊन आला आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असा ओरडला, "बसा आता निवांत! मिरजंचं आवार मालाच्या डब्यांनी गच्च भरलंय. तिथली वाघीण हलल्याबिगर हिथली हलत न्हाय. मागनं आनि एक मालगाडी येतीया, ती आदी म्होरं काडनार, मग आपन." "का? आमी तिकिटं काडली न्हायत व्हय?" तानाबाईने विचारलं. "आवो आज्जी, लढाईचा माल हाय. घोड्यांचं गवत, पलटनीचा गूळ. मानसांचं काय, मानसं थांबत्यात." त्यावर डब्यात हशा झाला, शिव्या झाल्या. एकाची कोर्टात तारीख होती, एकाला हातकणंगल्याच्या बाजारात बैल बघायचा होता. बायडाच तेवढी स्वस्थ होती. गाडी इथंच राहिली तरी चालेल, तिला वाटलं. या बाकावर, या पौषातल्या उन्हात, दिवस मावळेपर्यंत.

तिला मिरजेला जायचं होतं. नवरा भेटणार होता. ज्ञानू भर पावसाळ्यात पलटणीत भरती झाला आणि बेळगावला गेला. आता त्याची तुकडी मुंबईला आणि तिथून बोटीने बसऱ्याला निघाली होती. रजेवर आलेल्या एका शिपायाने निरोप आणला, बुधवारी दुपारच्या आत गाडी मिरजेत पाणी घ्यायला थांबेल, कुणाला तोंड बघायचं असेल तर यावं. निरोप आला तेव्हा ती परड्यात भांडी घासत होती. घासतच राहिली. धाकटा दीर आकाराम दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता. मग तो जवळ येऊन उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "वैनी, जावा तुमी. तोंड दावून या. पर त्येला सांगू नगासा. लढाईवर निघालाय. मन मोडल्यालं मानूस गोळीच्या म्होरं हुबं ऱ्हातंय." तिने मान हलवली. काय सांगायचं नाही ते त्याने बोलून दाखवलं नाही, तिनेही नाही. त्या घरात तो शब्द अजून कुणी उच्चारलाच नव्हता. महिन्यापूर्वी बायडाची लेक झुंबी गेली तेव्हा आकारामच्या बायकोने 'आता ती न्हाय' एवढंच म्हटलं होतं, एखादी शेजारीण घरात नसावी तसं. घटसर्प होता. संध्याकाळी पोरगी घसा धरून रडत होती, दुसऱ्या दिवशी रडायलाही आवाज उरला नाही, आणि तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या इलाही कल्हईवाल्याने आकारामबरोबर जाऊन खड्डा काढला. गल्लीतल्या बायका बायडाभोवती बसल्या. "रड की गं, रडून घे, न्हायतर छातीत बसंल," म्हणत त्यांनी तिला गदागदा हलवलं. एकीने तर चिमटा काढला. बायडाला चिमटा कळला, पण तो दुसऱ्या कुणाला तरी काढलाय असं वाटलं. नंतर तव्यावर दोन बोटं पोळली तेव्हाही वास आला म्हणून तिने खाली बघितलं.

मागून मालगाडी आली. आधी फळ्या थरथरल्या, मग इंजिनाची काळी पाठ खिडकीजवळून गेली, आणि मग वाघिणीमागून वाघिणी, बंद, मातकट, एकीसारखी दुसरी. डब्यातलं ऊन झाकलं, उघडलं, झाकलं. आणि वास आला. गुळाचा, ताज्या ढेपांचा, किंचित आंबूस. तानाबाईने "आहाहा" केलं. बायडाने तोंडाला पदर लावला. ज्ञानू शाहूपुरीत हमाल होता. दिवसभर गुळाचे रवे पाठीवर घेऊन असल्याच वाघिणींत रचायचा. घरी यायचा तेव्हा मानेवर, कानामागे चिकटा असायचा, आणि झुंबी त्याच्या खांद्यावर चढून ती मान चाटायची. "सोड की गं माकडे, अंघूळ तर करू दे," तो ओरडायचा, पण मान खाली वाकवून द्यायचा. बायडा चुलीपाशी बसून बघायची आणि तिला उगीच लाज वाटायची, इतकं सुख उघड्या दाराने चाललंय म्हणून. हे सगळं आता तिला आठवलं खरं, अगदी चुलीतल्या लाकडाच्या तडतडीसकट. पण जत्रेत पडद्यावरचं चित्र बघावं तसं. चित्रातल्या बाईचं पुढे काय झालं हे तिला माहीत होतं आणि त्या बाईबद्दल तिला काही वाटत नव्हतं. मालगाडी गेली. वास बराच वेळ डब्यात राहिला.

गाडी हलली ती हातकणंगल्यापर्यंत, आणि तिथे पुन्हा बाजूला काढून उभी केली. आता समोरून रिकाम्या वाघिणी येत होत्या, त्या गेल्या. मग गवताच्या दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांची गाडी पुढे सोडली. बैल बघणारा उतरून गेला. कोर्टाची तारीख असलेला माणूस आधी खूप बोलत होता, तो आता तोंडावर उपरणं घेऊन झोपला. दुपार डोक्यावर आली तशी बायडा मनातल्या मनात बोलण्याची जुळवाजुळव करू लागली. बरी हाय म्हणायचं. खेळतीया म्हणायचं. आणायची हुती पर सर्दी झालीया. गाडी पाणी घेऊन निघेपर्यंत एवढं पुरे. एका वेळच्या भाकरीसारखं तिने ते बांधून घेतलं होतं. जास्त बोलायची वेळ येणारच नव्हती. आणि आता तर तेवढीही येणार नाही. दुपार टळत होती. पलटणीची गाडी कुणासाठी थांबते? ती पोचेल तेव्हा तिथे मोकळे रूळ असतील. घरी जाऊन सांगता येईल, गाठ पडली न्हाय. आकाराम म्हणेल, बरं झालं. बायडालाही मनाच्या तळाशी तेच वाटत होतं. आपल्या हातून काहीच घडलं नाही, मालगाड्यांनीच सगळं परस्पर ठरवून टाकलं, याने तिला एक थंड, सपाट समाधान वाटलं. तिने गठुडं सोडून अर्धी भाकरी तानाबाईला दिली. शिरोळ रोडला म्हातारी उतरली. खाली उभी राहून खिडकीच्या गजावरच्या बायडाच्या बोटांना हात लावून म्हणाली, "मालकाला भेटायला निघालीस न्हवं? मग जरा कुक्कू तर नीट कर, पोरी." बायडाने कपाळावर बोट फिरवलं.

कृष्णेचा पूल ओलांडून गाडी मिरजेत शिरली तेव्हा ऊन कलतं होतं. बायडा उतरली आणि उभीच राहिली. इतक्या गाड्या एका जागी तिने कधी बघितल्या नव्हत्या. जिकडे बघावं तिकडे वाघिणी, एकीला एक चिकटून. त्यांच्यामधल्या बोळांतून माणसं ये-जा करत होती. कुठे खच्चरं खिंकाळत होती, कुठे इंजिन नुसतंच सुस्कारे टाकत उभं होतं. एका हमालाला तिने विचारलं, "दादा, बेळगावची पलटनीची गाडी गेली का वो?" "जात्या कुटं?" तो थुंकून म्हणाला. "पुन्याकडची लाईन मालानं तुंबलीया. ती बगा, त्या खच्चरांच्या गाडीच्या पल्याड. सकाळधरनं तळ ठोकून हाय." बायडाला त्या हमालाचा राग आला. मग ती दोन वाघिणींच्या मधल्या फटीतून पलीकडे गेली.

ज्ञानू खिडकीशी बसला होता. तिने त्याला ओळखलं नाही. त्यानेच हाक मारली. डोकं भादरलेलं, खाकी अंगरखा, गळ्याचं हाड वर आलेलं. ती खिडकीखाली जाऊन उभी राहिली. त्याच्या अंगाला बुटाच्या तेलाचा वास येत होता.

"आलीस?"

"आलो. गाडीनं लई येळ केला."

"व्हय. समद्यांचंच तसं झालंय."

त्याने घरातल्यांची विचारपूस केली. आकाराम, त्याची बायको, म्हशीचं काय झालं. तिने सांगितलं. झुंबीचं त्याने विचारलंच नाही. बायडा वाट बघत राहिली. तो विचारेल आणि ती बांधून आणलेलं सांगेल, असं तिने धरलं होतं. तो विचारतच नाही म्हटल्यावर तिला अंगावरचं लुगडं फिटल्यासारखं उघडं वाटायला लागलं. शेवटी तीच म्हणाली, "झुंबी लई वरडत हुती, येतो म्हनून. सर्दी झालीया, म्हनून ठिवून आलो."

ज्ञानूने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "व्हय? वाढली का जरा?"

"वाढली की. परकर वर याया लागलाय."

"आनि बोलती कशी? अजून 'र'ला 'ल' म्हनती?"

"म्हनती. पर शेजारच्या शेळीला मातूर नीट हाका मारती." शेजारी शेळी नव्हती. बायडाच्या तोंडून ती शेळी अशी सहज आली की तिलाच नवल वाटलं. ज्ञानू खिडकीच्या गजांना कपाळ टेकून ऐकत होता. शेळीला काय खायला घालती, त्याने विचारलं. तिने सांगितलं. रात्री कुणाजवळ झोपती? मला आठवती का? बापाची मान गोड लागती म्हनून अजून सांगती का सगळ्यांस्नी? बायडा सांगत गेली. मध्येच हवालदार आला, म्हणाला लाईन किलेर व्हायला अजून अवकाश आहे, पाय मोकळे करा, पण लांब जाऊ नका. ज्ञानू खाली उतरला. दोघं एका मोकळ्या वाघिणीच्या सावलीत बसली. तिने भाकरी सोडली, त्याने एक तुकडा हातात धरला आणि खाल्ला नाही. गाडी निघायचं नाव घेत नव्हती. तिचं सगळं सांगून संपलं होतं. बांधून आणलेलं केव्हाच संपलं, त्यावर शेळीही संपली, परकर, दात, दिवाळीचा किल्ला, सगळं संपलं. आणि तरी तो तोंडाकडे बघत होता आणि रुळावर काहीच हलत नव्हतं. पाणी घेण्यापुरती गाठ असती तर तिची लेक जिती राहिली असती. आता इतक्या लांब वेळात तिला कशी जिती ठेवायची? बायडाला थकल्यासारखं झालं. पण थांबता येईना, थांबलं की काहीतरी होईल असं वाटत होतं. ती बोलत राहिली. "परवा पान्यात भिजली. म्हनून तर सर्दी. घसा दुकतोय म्हनत हुती. मी हळद-गूळ दिला. गिळवत न्हाय म्हनाली. मग रातीला घरघर लागली जरा. वैद्याला आनलं, त्येनं जीब दाबून बघितलं, तर घशात पांढरं—"

"बास," ज्ञानू म्हणाला.

ती थांबली.

"बास कर, बायडे. मला ठावं हाय."

खच्चरांच्या गाडीकडे त्याने हनुवटी केली. "इलाही हाय तिच्यात. खच्चरांवर भरती झालाय, आता म्हयनाबी न्हाय झाला म्हनं. सकाळी आमच्या दोनी गाड्या शेजारशेजारला येऊन आडकल्या. मला बघितलं आनि उडी टाकून आला, गळ्यात पडला. मला वाटलं, भेटला म्हनून रडतोय. मी हसाय लागलो." त्याने हातातला भाकरीचा तुकडा उलटसुलट केला. "त्येला वाटलं मला कळवलं आसंल."

बायडाच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की रुकडीला गाडी थांबली नसती तर ती इलाहीच्या आधी पोचली असती. की नसती? इलाही तर सकाळीच येऊन अडकला होता. तिला हिशेब लागेना. "मग इचारत का ऱ्हायलासा मला?" ती म्हणाली.

"तू सांगत हुतीस."

एवढंच तो बोलला. हातातला भाकरीचा तुकडा त्याने पुन्हा फडक्यात ठेवला, वरून फडकं नीट दुमडलं. त्याच्या नखांत काळं तेल होतं. बायडाला वाटलं, आता हा ओरडेल, आपल्याला मारेल, किंवा मांडीवर डोकं ठेवून रडेल. यातलं काहीही झालं तर आपल्यालाही काही करता येईल. तो नुसता बसून राहिला. सकाळपासून तो असाच बसला असणार, तिच्या ध्यानात आलं. तिच्यासारखाच. एकाच घरातून निघालेली दोन माणसं, आणि दोघांच्याही आत तेच थंडगार पडलेलं होतं, आणि त्यातलं एकमेकाला देण्यासारखं काही नव्हतं. पलीकडच्या रुळावरून गवताची गाडी सरकायला लागली. काड्या उडून त्यांच्या अंगावर पडल्या. त्याने तिच्या डोक्यावरची एक काडी काढली.

"कुटं ठिवली?" त्याने विचारलं.

"नदीच्या अंगाला. वरल्या बाजूला, पुराचं पानी येत न्हाय तितं. आकारामभावजींनी धोंडं रचल्यात वर."

"कोल्हीकुत्री?"

"न्हाय. लई खोल काडलाय, इलाहीनं."

त्याने मान हलवली. "अंगावर काय हुतं?"

"तुमचा पटका. जुना."

हे ऐकून त्याने तोंड फिरवलं आणि आवारातल्या त्या सगळ्या उभ्या वाघिणींकडे बघत राहिला. "ह्यातल्या किती मी भरल्या असतील," तो म्हणाला.

आणि मग घंटा झाली ती कोल्हापूरच्या गाडीची. त्याची नव्हे, तिची. सकाळपासून अडकलेली पलटण तशीच राहिली आणि पॅसेंजरला वाट मिळाली. ज्ञानू तिला पोचवायला फलाटापर्यंत आला. दोघांनाही हे चमत्कारिक वाटत होतं. लढाईवर जाणारा माणूस खाली उभा, आणि निरोप द्यायला आलेली बाई गाडीत. "नीट ऱ्हावा," ती म्हणाली. आकारामचं बोलणं तिला आठवलं. "गोळी आली तर खाली बसा. हुबं ऱ्हाऊ नगासा."

"न्हाय ऱ्हात."

"सांगा मला. वचन द्या."

"बसतो खाली," तो म्हणाला. गाडी हलली तसा तो तिच्याबरोबर चार पावलं चालला, मग एका हमालाची ढकलगाडी मध्ये आली, त्याला वाट द्यायला तो मागे सरला, आणि दिसेनासा झाला.

परतीच्या वाटेतही गाडी पुन्हा थांबली, हातकणंगल्याला. दिवेलागण व्हायची होती. डब्यात एक कासारीण चढली, बांगड्यांचा हारा मांडीवर घेऊन बायडाच्या शेजारी दाटीवाटीने बसली आणि बसल्याबसल्या धंद्याला लागली. बायडाचा हात तिने हातात घेऊन माप बघितलं. "तुजं माप संपलंय बग. पर बारक्या लई छान हायत, हिरव्या. लेकरं किती तुला?"

"एक," बायडा म्हणाली.

"पोरगी?"

"पोरगी." कासारीण हाऱ्यात हात घालून बारक्या बांगड्यांची माळ काढू लागली. बांगड्या किणकिणल्या. "मेली," बायडा म्हणाली.

शब्द बाहेर पडला तो तिला स्वतःला ऐकू आला. महिनाभरात कुणीच न उच्चारलेला, साधा, दोन अक्षरांचा. कासारणीचा हात हाऱ्यात तसाच राहिला. ती काही बोलणार तेवढ्यात शेजारच्या रुळावर मालगाडी आली आणि डबा आवाजाने भरून गेला. खिडकी, भिंत, बाक, सगळं थरथरायला लागलं. बायडाने खिडकीचे गज धरले, तोंड उघडलं, आणि तिच्यातून काय बाहेर पडत होतं ते तिलाही ऐकू येईना. घसा ताणला जात होता, पोट आत ओढलं जात होतं, एवढंच कळत होतं. कासारणीने हारा खाली ठेवला. दोन्ही हातांनी तिने बायडाला मागून घट्ट धरलं, पण थांब म्हणाली नाही. डोळ्यांपुढून वाघिणी जात होत्या, बंद, मातकट, एकीमागून एक. मालगाडी बरीच लांब होती.